अकराचं ताक

"घरात यांच्या तोंडातून पोटात जे जे जातं ते सगळं या टेबलावर ठेवा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "गोळी, पुडी, काढा, चूर्ण, काहीही असो. आणि कृपा करून लपवू नका."

मिरजेच्या एका दवाखान्यातली दुसऱ्या मजल्यावरची खोली. पलंगावर माझी बायको सुगंधा, हाताला सलाईन आणि छातीला तारा लावलेल्या. पायथ्याशी आमची सून शैलजा. समोर डॉक्टर मगदूम, हृदयाच्या डॉक्टर, वयानं शैलजाएवढ्याच असतील. आणि दाराशी मी, हातात ताकाची किटली घेऊन उभा. किटली सकाळी तासगावातून घरूनच भरून आणली होती. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली, पण किटलीची कडी बोटांत रुतत होती ते अजून आठवतं.

आदल्या दिवशी सकाळी सुगंधा तुळशीपाशी बसल्या जागी कलंडली होती. "छातीत पाखरू शिरल्यागत हुतंय वं," एवढंच म्हणाली आणि डोळे फिरवले. गावातल्या डॉक्टरांनी नाडी धरली आणि लगेच गाडी बोलावली. आम्ही हृदयाचा झटका समजूनच मिरजेला आलो. तपासलं तर झटका नव्हता. पण ठोके चुकत होते. चार नीट पडायचे आणि पाचवा पडायचाच नाही. रात्री मी घरी गेल्यावर रक्ताचा रिपोर्ट आला, तो मला सकाळी किटली घेऊन पोचल्यावर कळला. कॅल्शियम साडेदहाच्या आत असायला हवं, ते चौदाच्या वर गेलं होतं.

"कॅल्शियम तर चांगलं असतंय न्हवं?" मी विचारलं होतं.

"हाडात चांगलं. रक्तात मापातच पाहिजे," मॅडम म्हणाल्या होत्या. "काका, हृदयाचा एकेक ठोका कॅल्शियमच्या इशाऱ्यावर पडतो. ते जास्त झालं की ताल बिघडतो. आज बिघडलाय. असंच वाढत राहिलं तर हृदय थांबूही शकतं. एवढं कुठून आलं ते मला कळायलाच हवं."

म्हणून आज हे टेबल.

शैलजानं पिशवी उपडी केली. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट निघालं, त्यामागून कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली.

मॅडमनी रक्तदाबाची गोळी उलटसुलट करून वाचली. "या गोळीनं कॅल्शियम लघवीवाटे जायचं कमी होतं. ही आधी बदलू. आणि या दुसऱ्या किती घेतात?"

"सकाळी एक, रात्री एक. हात मोडला तेव्हा हाडाच्या डॉक्टरांनी सांगितल्या. मी स्वतः हातावर ठेवते." शैलजानं बाटलीचं झाकण घट्ट केलं. "आणि दोन आमटीत असतात."

"आमटीत?"

"कुटून घालते. आत्यांच्या वाटीत. एकदा तुळशीच्या कुंडीत एक गोळी सापडली मला. म्हटलं, या गोळ्या टाकून देतायत आणि मला सांगतायत घेतली म्हणून. मग आमटीत घालायला लागले. हातावरच्या दोन बंद केल्या असत्या तर संशय आला असता, म्हणून त्या पण चालू ठेवल्या."

पलंगावरून सुगंधाचा आवाज आला. खोल गेलेला, पण रागावलेला. "अगं बाई, ती एकच टाकली हुती. घशात अडकली म्हणून. बाकीच्या सगळ्या गिळल्या की मी!"

"मला काय माहीत आत्या?"

"म्हणून आमटी कचकच लागायची व्हय! मी म्हणलं डाळीत खडं हायत."

मॅडमनी ओठ दाबले. हसू दाबलं की राग, ते कळलं नाही. "म्हणजे दोनाच्या चार. अजून काही?"

सुगंधानं उशीखाली हात घातला आणि एरवी कमरेला असायची ती कापडी पिशवी काढली. तिच्यात पुड्या होत्या. ड जीवनसत्त्वाच्या, दाणेदार, संत्र्याच्या वासाच्या.

"ही आठवड्यातून एक घ्यायची असते," मॅडम म्हणाल्या.

"व्हय, त्यांनी तसंच सांगितलं हुतं."

"मग?"

"आठवड्यातनं एक खाऊन कुणाचं हाड जुळलंय बाई? मी रोज खाते. गोड लागतीया. मला लवकर भाकरी थापायला पायजे हुती."

"रोज? किती दिवस?"

"झालं की चार महिनं."

डॉक्टर मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "आजी, चार महिने रोज! ही पुडी शरीरात साठत जाते. आणि ती असली की पोटातलं सगळं कॅल्शियम रक्तात ओढलं जातं. कुणी आणून दिल्या एवढ्या?"

सुगंधा माझ्याकडे बघेना. मीच म्हणालो, "मी. औषधाचं दुकान आमच्या पानपट्टीसमोरच हाय. 'संपल्या, आणा' म्हणाली की आणायचो."

"बरं. अजून काही?"

तिघींनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे बघितलं असं मला वाटलं. किटली मी पाठीमागं धरली.

"न्हाई," मी म्हणालो.

ते एक "न्हाई" माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट. ते का म्हणालो ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

माझं नाव रामलिंग कोरे. तासगावच्या एसटी स्टँडसमोर माझी पानपट्टी आहे, वडिलांपासूनची. सुपारी कोण पण कातरतं, पण चुना करणं सगळ्यांना जमत नाही. मी कळीचा चुना आणून माठात भिजवतो, आठ दिवस निवू देतो, दोनदा वस्त्रगाळ करतो. माझ्या चुन्यानं तोंड भाजत नाही, असं स्टँडवरचे ड्रायव्हर सांगतात.

एकदाच भाजलं होतं. माझ्या लग्नात. आमच्यात वरमाईच्या समोर नवरा-नवरीनं विडा तोडायचा असतो. एकानं विडा दातात धरायचा आणि दुसऱ्यानं अर्धा तोडून घ्यायचा, बाया हसत असतात. पानवाल्याच्या पोरानं स्वतःच्या लग्नात दुसऱ्याच्या हातचा विडा कसा धरायचा? म्हणून मी स्वतः बांधला. लग्नाच्या घाईत चुना दुप्पट लागला. सुगंधानं अर्धा तोडला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते. तिची जीभ तीन दिवस सोललेली होती. त्यानंतर तिनं कधी पान खाल्लं नाही. अडतीस वर्षांत एकदाही नाही. पानवाल्याची बायको पान खात नाही म्हणून गावात थट्टा व्हायची. ती म्हणायची, "एकदा खाल्लंय. पुरं झालं."

तेवढा तो विडा सोडला तर मी तिच्यासाठी हातानं काही केलेलं नव्हतं. पहाटे पाचला दुकान, रात्री नवाला घर. दुपारचा डबा तीच पाठवायची. पाण्याचा तांब्यासुद्धा मी कधी उठून भरून घेतला नव्हता, तिला देणं तर लांबच. त्यात मला वाईट वाटत होतं असंही नाही. सगळ्यांचं तसंच असतं, असं मी धरून चाललो होतो.

मग मार्गशीर्षात ती पडली. पडली ती माझ्यामुळं. विड्याच्या पानांचा डाग, म्हणजे गोणपाटात बांधलेला गठ्ठा, आला होता, तो मी अंगणात धुतला आणि ओलं गोणपाट तिथंच टाकून दुकानात गेलो. गोणपाटाला चिकटलेल्या पानांवरून तिचा पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत.

शैलजा अंगणवाडीत शिकवते. तिला दीडपर्यंत सुटका नसते. माझा मुलगा राजशेखर तेव्हा हुबळीला नोकरीला होता. म्हणजे सकाळच्याला घरात सुगंधा एकटी, हात गळ्यात बांधलेला. त्याच दिवसांत माझं एक गिऱ्हाईक, येळावीचे हणमंतअण्णा, पान तोंडात सारत म्हणाले, "रामलिंग, गोळ्या कशाला विकत आणतोस? तुझ्या डब्यात काय हाय? चुना म्हंजे काय, कॅल्शियमच! गव्हाच्या दाण्याएवढा ताकातनं दे. महिन्यात बाई विहिरीचं पाणी वढतीया का न्हाई बग."

मला ते पटलं. का पटलं ते मला नंतर कळलं. जे तिचं मी मोडलं होतं ते माझ्याच डब्यातल्या वस्तूनं जुळणार होतं. दुसऱ्या कुणाकडं जायला नको, काही बोलायला नको.

पण विडा आठवत होता. चुन्याचं नाव काढलं असतं तर तिनं पेला भिंतीवर फेकला असता. म्हणून गुपचूप करायचं ठरवलं. अकराला स्टँडवरची गर्दी ओसरते. मी दुकानाला कुलूप घालून घरी यायला लागलो. दही घुसळायचो. पहिल्या दिवशी रवी हातातून सुटून ताक भिंतीवर उडालं. सुगंधा चौकटीत बसून बघत होती.

"हे काय चाललंय?"

"ताक करतोय."

"तुम्ही?"

"हात मोडलाय न्हवं तुझा."

मी पाठ करून मीठ घातलं, जिरं घातलं, आणि पानाच्या देठानं चुना घातला, गव्हाएवढा. पेला तिच्या डाव्या हातात दिला. तिनं एक घोट घेतला. जरा थांबली. मग सगळं प्यायली आणि पेला खाली ठेवला.

"कसं झालंय?"

"झालंय की बरं."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पुढच्या आठवड्यात हणमंतअण्णा म्हणाले, जुनं हाड असलं तर जरा जास्त लागतं. गव्हाची तूर झाली, तुरीचा हरभरा झाला. प्लास्टर निघालं तरी मी अकराला यायचा थांबलो नाही. ती पावणेअकरालाच पेला विसळून, केसाला तेल-पाणी करून बसलेली असायची. मी रवी फिरवायचो, ती शेजारपाजारच्या गोष्टी सांगायची. अडतीस वर्षांत तिनं मला एवढं कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगायला मी घरी कधी नव्हतोच.

फाल्गुनापासून तिला तहान फार लागायला लागली. जेवण कमी झालं. चहात साखरेऐवजी मीठ घालायची, बसल्या बसल्या पेंगायची. मला वाटलं, अशक्तपणा आहे. म्हणून चुना अजून थोडा वाढवला.

आता दवाखान्यातल्या त्या "न्हाई"वर परत येतो. हात मी मोडला होता आणि आता हृदयही मीच बिघडवलं, हे सुनेसमोर कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुगंधाला कळलं असतं की चार महिने रोज जो पेला मी मोठ्या प्रेमानं तिच्या हातात दिला, त्यात लबाडी होती. मी मनाशी म्हणालो, डॉक्टरबाईंना पुड्या सापडल्यात, गोळ्या सापडल्यात. एवढ्यावर औषध होईल. चुना आता बंदच करू. कुणाला कळायला नको.

मॅडम कागदावर लिहीत होत्या. तेवढ्यात सुगंधा म्हणाली, "अवो, तहान लागलीया. अकरा वाजलं न्हवं? ताक आणलंयसा का?"

मी किटलीचं झाकण दाबून धरलं.

"आणलंय. पण आंबट झालंय ते. एसटीत हिंदकळलं."

"आंबट तर आंबट. द्या."

"पाणी पी त्यापेक्षा."

"मामा, द्या की," शैलजा म्हणाली. "कालपासून पोटात काही नाही त्यांच्या." आणि तिनं किटली माझ्या हातातून काढून घेतली. पेला भरला. मी बघत उभा. सकाळी मी त्यात एक नाही, दोन हरभरे घातले होते. दवाखान्यात आहे, ताकद यायला हवी म्हणून.

सुगंधानं पेला तोंडाजवळ नेला.

कसा पोचलो मला आठवत नाही. मी पेल्यावर हात मारला. ताक चादरीवर, तारांवर, डॉक्टर मॅडमच्या पांढऱ्या कोटावर उडालं. पेला खणखणत पलंगाखाली गेला.

"मामा!"

"त्यात चुना हाय," मी म्हणालो.

यंत्र टिकटिकत होतं, पाचवा ठोका गाळत.

"कसला चुना?" मॅडमनी विचारलं.

"पानाचा. कळीचा. रोज ताकातनं देतो, चार महिनं."

"किती?"

"आधी गव्हाएवढा."

"आणि आता?"

"हरभऱ्याएवढा."

"म्हणजे साधारण..." त्यांनी बोटांनी मोठं-लहान करून दाखवलं.

"काबुली हरभरा," मी खरं ते सांगितलं.

शैलजानं तोंडावर पदर धरला. मॅडम उठल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "काका, मघाशी मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात! आत्ता हे यांच्या पोटात गेलं असतं तर? तुम्ही दोघांनी आणि यांनी स्वतः मिळून चार ठिकाणांहून एकच गोष्ट यांच्या पोटात घातलीय. एकानं दुसऱ्याला सांगितलं नाही. औषध कमी पडून माणसं आजारी पडलेली मी रोज बघते. मायेनं एवढं चारलेलं पहिल्यांदा बघतेय."

मी मान खाली घातली. पायावर पडायचीही माझी तयारी होती.

"त्यास्नी रागवू नका," पलंगावरून सुगंधा म्हणाली. भिंतीकडं तोंड करून. माझ्याकडं बघून नाही.

मला वाटलं, झालं. ही आता माझ्याशी बोलणार नाही.

सलाईन चार दिवस चाललं. गोळ्या बंद, पुड्या बंद, रक्तदाबाची गोळी बदलली. कॅल्शियम तेरावर आलं, बारावर आलं, मग अकराच्या आसपास थांबलं. ठोके तिसऱ्या दिवशी सरळ झाले. मी यंत्रासमोर बसून मोजत होतो. पाचवा पडला, सहावा पडला, शंभरपर्यंत मोजलं आणि मग बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो.

घरी सोडताना मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. राग गेला होता. "अजून महिना-दीड महिना दूध-दही-ताक काहीच नको. साठलेलं उतरू दे. मग पुन्हा रक्त तपासू. हाडांसाठी काय द्यायचं ते मी आणि हाडांचे डॉक्टर मिळून ठरवू. आणि ते एकच जण देईल."

"पण मॅडम," शैलजानं विचारलं, "या गोळ्या इतक्या जण घेतात. मग त्या हृदयाला वाईटच का?"

"ज्याला गरज आहे त्यानं सांगितलेल्या मापात घेतल्या तर घाबरायचं कारण नाही. गरज नसताना वर्षानुवर्षं घेतल्या तर रक्तवाहिन्यांना त्रास होतो का, यावर आमच्यातच अजून एकमत नाही. काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही म्हणतात. पण हृदय बळकट व्हावं म्हणून कुणी ही पुडी खात असेल, तर तसा फायदा काही दिसलेला नाही. जेवणातलं कॅल्शियम खुशाल खावं. नाचणी, तीळ, पालेभाजी." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दीड महिन्यानं ताकसुद्धा. नुसतं."

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. अकरा वाजले. गर्दी ओसरली. मी कुलूप हातात घेतलं आणि परत ठेवलं. जाऊन करणार काय? ताक बंद. आणि कोणत्या तोंडानं जायचं? दवाखान्यातून आल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. हणमंतअण्णा आले, पान मागितलं. मी त्यांना चुना न लावताच पान दिलं. त्यांनी दोनदा चावलं आणि विचारलं, "काय रं, इसरलास?"

"इसरलो न्हाई. गव्हाच्या दाण्याएवढा पण घालणार न्हाई तुमास्नी," मी म्हणालो आणि कुलूप घातलं.

घरी गेलो तर सुगंधा चौकटीत बसली होती. वेणी घातलेली. शेजारी पेला, विसळून पालथा.

मी आत गेलो. लिंबू चिरलं, साखर विरघळवली, चिमूटभर मीठ घातलं. यावेळी पाठ करून नाही. तिच्या समोर बसून, प्रत्येक जिन्नस तिला दिसेल असा. पेला तिच्या हातात दिला.

तिनं एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि गिळला.

"आज न्हाई," ती म्हणाली.

"काय न्हाई?"

"चुना."

मी तिच्याकडं बघत राहिलो. "तुला... कळत हुता?"

"लग्नातला इडा इसरली असेन व्हय मी? तीन दिवस जीभ सोलली हुती माझी. चुना म्हंजे काय ते जन्मभर कळलं मला. पयल्या दिवशी पयल्या घोटाला कळलं."

"मग बोलली का न्हाईस? फेकून का दिलं न्हाईस? अगं, जीव गेला असता तुझा!"

"मला काय ठावं जीव जातोय म्हणून? मला वाटलं, काय तरी चांगलंच घालत असाल."

"आणि दवाखान्यात? बाईंनी विचारलं तवा? तवा तर बोलायचं हुतंस."

ती पेल्यातल्या लिंबाच्या बियांकडं बघत होती. मग म्हणाली, "बोलले असते तर तुमी अकराला घरी आला असता व्हय?"

मी लिंबाची सालं गोळा करायला लागलो.

"अडतीस वर्सं झाली," ती म्हणाली. "साऱ्या तासगावाला तुमच्या हातचं मिळतंय. मला कवा मिळालं? एक इडा, त्यात पण जीभ भाजली. हात मोडला आणि तुमी रवी धरलीसा. ताक भिंतीवर उडवलंसा. मला कुठं तोंड वाईट करून ते बंद पाडायचं हुतं? म्हणलं, असू दे चुना. माणूस तर येतंय."

मी तिच्याजवळ चौकटीत बसलो. म्हणालो, "उद्या पण येतो."

"ताक तर बंद हाय."

"असू दे. सरबत करतो. न्हाईतर नुसताच येतो."

"नुसतं या की," ती म्हणाली आणि उरलेलं सरबत प्यायली.

दीड महिन्यानं रक्त तपासलं, नीट आलं. ताक परत सुरू झालं. शैलजानं एक वही केली, त्यात कोण काय देतं ते लिहायची. वहीत गोळीचं नाव, वेळ, आणि शेवटच्या ओळीत "मामा – अकरा – ताक, मीठ, जिरं." एवढंच.

सुगंधा त्यानंतर बारा वर्षं जगली. या बारा वर्षांत मी अकराला घरी गेलो नाही असे दिवस बोटांवर मोजता येतील. एखादं लग्न, एखादी मयत, एकदा माझाच ताप. रोज ती पहिला घोट जिभेवर घोळवायची आणि म्हणायची, "आज न्हाई." मी म्हणायचो, "उद्या घालतो." ती हसायची. तिचं हाड परत मोडलं नाही. ठोकाही परत चुकला नाही. गेल्या पौषात न्यूमोनिया झाला आणि तिसऱ्या दिवशी गेली. आदल्या दिवशी चमच्यानं दोन घोट ताक पाजलं, तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. पण जीभ हलली. ती काय म्हणाली असेल ते मला कळलं.

आता मी एकाहत्तरचा आहे. दुकानात राजशेखर बसतो, त्यानं हुबळीची नोकरी कधीच सोडली. मी सकाळी चुना गाळून देतो, त्यात त्याचा हात बसत नाही. आणि अकराला घरी येतो. घरी कुणी नसतं. तरी येतो. चौकटीत जरा वेळ बसतो, मग दही घेतो. एका माणसापुरतं ताक घुसळता येत नाही, दोन पेले होतातच. एक मी पितो. दुसरा झाकून ठेवतो.

दीडला शैलजा अंगणवाडीतून येते. पायावर पाणी घेते, झाकण काढते, पेला उजेडाकडं धरून बघते.

"मामा, काय घातलंय यात?"

"मीठ आणि जिरं."

"नक्की?"

"पिऊन बघ."

ती पहिला घोट घेते. लगेच गिळत नाही. तिच्या आत्यासारखी जिभेवर घोळवते, डोळे मिटून. मी हातातलं काम थांबवून वाट बघतो.

"आज नाही," ती म्हणते.

मग मी पेला विसळतो, उद्यासाठी पालथा घालतो आणि दुकानात जातो.